कापून नेलेला निळा चौकोन

१

रविवारी सकाळी चर्च उघडलं तेव्हा मला वाटलं, गॅलरीच्या कठड्याला कुणीतरी खिडकी बसवली आहे. कठड्यावर ओळीनं ब्लँकेटं टांगली होती, आणि त्यातल्या एकाच्या बरोबर मधून पलीकडचा उजेड सरळ आत येत होता.

मी वॉल्टर इम्री. आधी पोर्टगॅरीचा पोस्टमन होतो. निवृत्त झाल्यापासून चर्चची किल्ली सांभाळतो, घंटा वाजवतो, हीटर लावतो आणि प्रवचनात कोण कोण डुलक्या घेतं ते लक्षात ठेवतो. किल्ली मी सांभाळतो असं म्हणायचं एवढंच. ती दाराशेजारच्या फुलांच्या कुंडीखाली असते हे धक्क्यावरच्या समुद्रपक्ष्यांनाही ठाऊक आहे.

जिना चढून वर गेलो. ब्लँकेटला भोक पडलं होतं, पण ते उंदराचं नव्हतं आणि कसरीचंही नव्हतं. चार कोपऱ्यांचा नीट चौकोन गेला होता.

तेवढ्यात नेटाबाई आल्या. नेटा कार्गिल आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं, त्यामुळे पन्नाशीचे बाप्येसुद्धा त्यांना ‘बाई’च म्हणतात आणि त्या दिसल्या की खिशातले हात बाहेर काढतात. आता त्या ‘लोफ अँड लँटर्न’ या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या आमच्या चर्चमधल्या प्रतिनिधी. या कामाला पगार नाही, खुर्ची नाही. पोस्टर लावायची, महिन्यातून एकदा प्रार्थनेच्या वेळी पाच मिनिटं उभं राहून जगात कुठे काय कोसळलंय ते सांगायचं, सूपचं जेवण घालायचं, आणि आपल्याला पाहून लोकांनी रस्ता ओलांडला तरी मनाला लावून घ्यायचं नाही. ‘हे कोण करेल?’ असं पाद्रीसाहेबांनी विचारलं तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले होते. हात वर केला तो बाईंनी.

त्या शरद ऋतूत दूरच्या एका डोंगराळ मुलुखात भूकंप झाला होता आणि तिथे बर्फ पडायला लागणार होतं. बाईंनी गावातल्या बायकांना कामाला लावलं. प्रत्येकीनं लोकरीचे चौकोन विणायचे, मग ते जोडून ब्लँकेटं करायची. त्या रविवारी ब्लँकेटं कठड्यावरून खाली घेऊन बाकाबाकांवरून हातोहात फिरवायची होती. ते पांघरून जो निजेल त्याच्यासाठी ब्लँकेटवर हात ठेवून मनात दोन शब्द बोलायचे. मंगळवारी संस्थेचा ट्रक येणार होता.

बाईंनी चष्मा चढवला आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“वॉल्टर, हे फाटलेलं नाही. कापलंय. आणि कापून झाल्यावर उसवू नये म्हणून कडेला गाठी मारल्यात. एकेका टाक्याला.”

“मग?”

“मग असं की चोरायला आलेला माणूस मागे राहिलेलं नीटनेटकं करून गेलाय. अख्खं ब्लँकेट उचललं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. हा इथे तासभर तरी बसला असेल.” त्या माझ्याकडे वळल्या. “असा चोर कधी पाहिलायस?”

मी पाहिला नव्हता.

खालून बेला गेडिसचा आवाज आला. बेला म्हणजे विणकाम मंडळाची सर्वेसर्वा. “काय झालं? तो निळा चौकोन गेला? बरं झालं. सगळ्या ब्लँकेटची शोभा घालवत होता.”

लोक आत येत होते. बेलाचं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, आणि पहिलं भजन संपायच्या आत चोर कोण हे गावानं ठरवून टाकलं.

बाई आपल्या पाच मिनिटांसाठी उभ्या राहिल्या. भोक पडलेलं ब्लँकेट हातावर होतं.

“हे काल संध्याकाळपासून आपलं राहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तिकडे एक बाई आहे. तिचं घर पडलंय, कदाचित तिचं माणूस अजून सापडलेलं नाही. हे तिचं आहे. माझ्या ब्लँकेटला भोक का, हे विचारायला ती इथे येऊ शकत नाही. मी प्रतिनिधी आहे ना? मग तिच्या वतीनं मी विचारणार आहे.”

त्या खाली बसायच्या आत शेवटच्या बाकावरून इना डफ उठली आणि डोळे पुसत, कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेली.

२

“आधी बेला,” बाई म्हणाल्या. “इनाचं नंतर बघू.”

“पण उठून तर इना गेली.”

“म्हणूनच. रडत गेलेल्या माणसाला लगेच गाठायचं नसतं.”

बेलाच्या स्वयंपाकघरात ओव्हनमधून स्कोनचा, आमच्याकडच्या गोडसर छोट्या पावांचा, वास येत होता. तिनं आम्हाला बसायला सांगितलं नाही. आम्ही बसलो.

“सगळं गाव माझ्याकडे बघत होतं,” ती म्हणाली. “माझ्याच शेजारी बसून विणतात त्याच बायका. चाळीस वर्षं त्यांच्या पोरांची टोपरी मी विणलीत.”

“तूच केलंस का?”

“नेटा, मला तो चौकोन काढायचा असता तर तुझ्या तोंडावर सांगून काढला असता. आणि नुसता चौकोन कशाला, ब्लँकेटच बाजूला केलं असतं.”

बाईंनी मान हलवली. त्यांनाही हे पटलं असावं, कारण त्यांनी लगेच ब्लँकेट टेबलावर पसरलं. “मग मला एक सांग. या गाठी बघ. कुणाच्या हातच्या आहेत?”

बेलाचा राग क्षणभर मागे पडला. तिनं भोकाची कड उजेडात धरली. “आमच्यातल्या कुणाच्या नाहीत. विणणारी बाई टाके उचलते आणि सुईवर बंद करते. ती अशी गाठीवर गाठ मारत बसणार नाही. गाठी मात्र घट्ट आहेत, ओढून बघ. जन्मात सुटायच्या नाहीत.”

“हा चौकोन कुणी दिला होता?”

“पॅमनं. ॲलिक बुकनची बायको.” बेलानं नाक मुरडलं. “इंग्लंडातली, समुद्रापासून शंभर मैलांवर वाढलेली. पण तिनं दिलेलं विणकाम घट्ट होतं, हे मी कबूल करते. जुन्या पद्धतीचं. रंग मेला, मळकट निळा. मी म्हटलं, भूकंपात सापडलेल्यांना आणखी एक दुःख कशाला.”

“शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये कोण होतं?”

“शिडीवर चढून ब्लँकेटं टांगायला ॲलिक. त्याच्याबरोबर पॅम. मी खालून सांगत होते कुठलं कुठे ते. आणि आम्ही निघालो तेव्हा इना फुलं लावत बसली होती. एकटीच.”

ती उठून ओव्हनकडे गेली. “नेटा, मंगळवारपर्यंत तू चोर शोधला नाहीस तर मी मंडळ सोडते. मला त्या बायकांत बसवणार नाही.”

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “चौकोन विणलाय जुन्या पद्धतीनं, आणि दिलाय पॅमनं. वॉल्टर, पॅमला तू कधी विणताना पाहिलंस?”

३

पॅम दारातच म्हणाली, “मीच विणला होता. स्वतः.”

आम्ही अजून काही विचारलंच नव्हतं.

ती पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, बोलकी बाई. दहा वर्षांपूर्वी ॲलिकशी लग्न करून आली तेव्हापासून गावातल्या प्रत्येक कामात सगळ्यात आधी हात घालते आणि प्रत्येक कामात तिचं थोडंसं चुकतं. त्यामुळे ती मला आवडते.

“उत्तम,” बाई म्हणाल्या. “मग आता तसाच एक दुसरा विणून दे. भोक बुजवायला हवं.” आणि पिशवीतून सुया आणि लोकरीचा गुंडा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

पॅमनं सुया हातात घेतल्या. आधी दोन्ही एका हातात धरल्या, मग वेगवेगळ्या. गुंडा मांडीवरून घरंगळून माझ्या पायाशी आला. मी उचलून दिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“मला विणता येत नाही, बाई,” ती शेवटी म्हणाली. “मी खूप प्रयत्न केला. माझा चौकोन त्रिकोणी होतो. बेला सगळ्यांसमोर हसली. मग बोटींच्या शेडमध्ये ॲलिकच्या माशांच्या खोक्याखाली एक जुनी गान्सी सापडली.”

गान्सी म्हणजे आमच्या कोळ्यांचा जाड, घट्ट विणलेला निळा स्वेटर. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराची गान्सीची वीण वेगळी.

“बाह्यांना डांबर लागलं होतं, कोपरं गेली होती. पाठीचा भाग तेवढा चांगला होता. तेवढा कापला आणि कडा शिवून दिला. चिंधीच होती ती. कुणाच्या तरी अंगाला ऊब लागेल, म्हटलं.” तिचे डोळे भरले. “हे चोरी झालं का?”

“नाही. ॲलिकला सांगितलं होतंस?”

“नाही.”

“शनिवारी तो शिडीवर होता. ते ब्लँकेट त्यानंच टांगलं?”

पॅम आठवू लागली. “हो. टांगलं आणि तसाच उभा राहिला. बेला खालून ओरडली, झोपलास का रे. मग उतरला, म्हणाला डोकं दुखतंय. घरी आल्यावर पुन्हा बाहेर पडला, जेवला नाही. मला वाटलं, शिडीवर चढून गरगरलं असेल.”

“उरलेली गान्सी कुठे आहे?”

“तिथेच ठेवली होती. आज सकाळी बघितलं तर नव्हती.”

आम्ही फाटकापाशी आलो. मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. “ॲलिकच,” मी म्हटलं. “त्याची जुनी गान्सी बायकोनं कापली, त्याला राग आला.”

“वॉल्टर, तुझ्या बायकोनं तुझी गान्सी न विचारता कापली असती तर तू काय केलं असतंस?”

“ओरडलो असतो. मग तिनं मला दुप्पट ओरडून गप्प केलं असतं.”

“बरोबर. चर्चमध्ये एकट्यानं बसून ती गुपचूप कापून नेली नसतीस. माणूस स्वतःची वस्तू उघडपणे मागतो.” बाईंनी फाटकाची कडी लावली. “ती गान्सी ॲलिकची नव्हती.”

४

इना डफ शाळेत मुलांना जेवण वाढायची. अजूनही वाढते. तिचा नवरा रॅब वीसेक वर्षांपूर्वी ‘ब्राइट होप’ बोटीबरोबर गेला. बोटीवर दोघंच होते, ॲलिक बुकन आणि रॅब डफ. बोट खडकावर आपटली. ॲलिक एका फळकुटाला धरून तरंगत राहिला आणि दुसऱ्या बोटीला सापडला. रॅब कधीच सापडला नाही. इनाचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा ती बागेत कपडे वाळत घालत होती. तिला आता डोळ्यांनी कमी दिसतं. आमच्या आवाजावरून तिनं आम्हाला ओळखलं.

“मी उठून गेले म्हणून आलात ना बाई? त्या भोकाशी माझा काही संबंध नाही. मला तर गॅलरीवर नुसते रंगांचे ठिपके दिसतात.”

“मग का गेलीस?”

“तुम्ही म्हणालात, तिचं माणूस अजून सापडलेलं नाही.” तिनं चादर झटकून दोरीवर टाकली. “माझंही नाही सापडलं. भूकंपात निदान कुठे खणायचं ते तरी ठाऊक असतं.”

बाईंनी चादरीचं दुसरं टोक धरलं. मग इनाच पुढे बोलली.

“एकदा आशा लागली होती. बोट गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात पोलीस आला होता. उत्तरेला ऑर्कनीकडे होल्म्से म्हणून बेट आहे, तिथे एक माणूस वाहून आला होता. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. पोलिसानं अंगावरचे कपडे सांगितले. शर्ट, पॅन्ट, तेलकट रेनकोट. मी म्हटलं, गान्सी? तो म्हणाला, गान्सी नव्हती. मग तो रॅब नव्हे, मी सांगितलं. त्या दिवशी पहाटे मी स्वतः त्याच्या डोक्यातून गान्सी घातली होती. आणि ॲलिकही म्हणाला होता, शेवटपर्यंत अंगात होती.”

“हे तू कुणाला सांगितलं होतंस का?”

“नाही. सांगून काय करायचं? तो दुसऱ्या कुणाचा तरी नवरा होता.”

“कशी वीण होती रॅबच्या गान्सीची?”

इना पहिल्यांदाच हसली. “शिडी आणि दोरखंड. रॅबच्या आईची वीण. मला नीट जमायची नाही. पाठीवर एका शिडीची एक पायरी सुटली होती. उसवून परत करते म्हटलं तर तो म्हणाला, राहू दे, तेवढ्या पायरीवरून मी उडी मारीन.”

बाईंनी तिच्या हातातली टोपली घेऊन खाली ठेवली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “चल.” इतक्या तुटक त्या कधी बोलत नाहीत.

आम्ही थेट चर्चमध्ये आलो. बाईंनी ब्लँकेट खिडकीपाशी नेलं. चौकोन कापणाऱ्यानं शिवणीला हात लावला नव्हता. त्यामुळे बोटभर रुंदीची निळी पट्टी चारी बाजूंनी उरली होती. बाईंनी ती ताणून माझ्यासमोर धरली. एका बाजूला पीळ घातलेली वीण होती, दोरखंडासारखी. दुसऱ्या बाजूला आडव्या रेषा, एकावर एक.

“पायऱ्या,” मी म्हटलं.

“आणि गाठी बघ. बेलाला ओळखता आल्या नाहीत, कारण या लोकरीच्या गाठी नाहीतच. धक्क्यावर पत्रं वाटत फिरायचास, तू ओळखशील.”

मी वाकून बघितलं. फाटकं जाळं मांडीवर घेऊन धक्क्यावरचे कोळी जी गाठ मारतात, तीच. लोकरीत मारलेली.

“रॅबची गान्सी,” मी म्हटलं. “बाई, त्याच्या अंगात होती ती समुद्रात गेली. मग ॲलिकच्या खोक्याखाली कशी आली?”

५

सोमवारी दुपारी ॲलिक शेडमध्ये होता. बोट चालवणं त्यानं केव्हाच सोडलं, आता तो इतरांची जाळी दुरुस्त करतो. उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. बाई आत आल्या तसा तो उभा राहिला आणि खिशातले हात बाहेर काढले.

बाईंनी ब्लँकेट त्याच्यापुढच्या फळीवर ठेवलं. “ॲलिक, गाठी चांगल्या मारल्यास.”

तो ब्लँकेटकडे बघत राहिला. “उसवलं असतं, बाई. कुणाच्या तरी अंगावर जाणार होतं.”

“चौकोन कुठे आहे?”

त्यानं जाकिटाच्या आतून तो काढला. घडी केलेला. उरलेली गान्सी छताच्या वाशामागे खोचली होती, तीही काढून दिली. मग खोक्यावर बसला. मी दार लोटून घेतलं.

“रविवारी ब्लँकेटं सगळ्यांच्या हातांतून फिरणार होती,” बाई म्हणाल्या. “इनाच्याही. तिला दिसत नाही, पण तिच्या बोटांना ती सुटलेली पायरी कळली असती. म्हणून तुला घाई झाली. इथपर्यंत मला कळलं. पुढचं तू सांग.”

“त्या दिवशी जाळं ओढताना मी पाण्यात गेलो,” ॲलिक म्हणाला. “रॅबनं ओढून वर घेतलं. दात वाजत होते, हातात सुकाणू राहीना. त्यानं आपली गान्सी काढली आणि माझ्या डोक्यातून घातली. म्हणाला, कप्तान थरथरला तर बोट कोण चालवणार. तो नुसत्या शर्टावर रेनकोट घालून पुढे गेला. थोड्याच वेळात खडक.” तो थांबला. “डॉक्टर म्हणाले, लोकरीमुळे वाचलास.”

“हे तू इनाला का सांगितलं नाहीस?”

“सांगणार होतो. ती इस्पितळात आली. रडली नाही. एवढंच विचारलं, त्याला थंडी वाजली असेल का रे? बाई, मी काय सांगणार होतो? मी म्हटलं, नाही, गान्सी होती अंगात. तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. एकदा बोललो ते बोललो. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं म्हटलं तर ते आणखी जड झालं. मग वर्षं गेली. जाळायला दोनदा नेली ही. जाळवेना.”

मला त्याची दया आली. खोटं ते खोटंच, पण असं खोटं मीही बोललो असतो.

बाई मात्र त्याच्याकडे बघत नव्हत्या. शाळेत अवघड गणित फळ्यावर लिहून झालं की त्या जशा दोन पावलं मागे सरकून उभ्या राहायच्या, तशा उभ्या होत्या.

“ॲलिक, त्या हिवाळ्यात तू कुठे होतास?”

“ॲबर्डीनला, भावाकडे. गावात राहवत नव्हतं.”

“होल्म्से बेटावर एक माणूस वाहून आला, हे तुला कळलं होतं?”

“नाही.”

“पोलीस इनाकडे आला होता. शर्ट होता, पॅन्ट होती, रेनकोट होता. फक्त गान्सी नव्हती. तेवढ्यावरून इना म्हणाली, माझा नव्हे.”

ॲलिकला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं दोन्ही हातांनी खोक्याची कड धरली.

“अर्धं तुला माहीत होतं, अर्धं तिला,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता. “दोघं एकाच गावात, एकाच चर्चमध्ये, चार बाकांच्या अंतरावर. ऊठ. तोंड धू. तिला तूच सांगणार आहेस. मी बाजूला उभी राहीन.”

६

इनाच्या स्वयंपाकघरात ॲलिकनं उभ्याउभ्याच सांगितलं. बस म्हटलं तरी बसला नाही. किटलीतून वाफ यायला लागली तशी इना उठली, गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसली.

“तू भिजला होतास?” तिनं विचारलं.

“हो.”

“मग दिलीच असणार त्यानं. त्याला सांगावं लागायचं नाही.” तिनं मांडीवर ठेवलेल्या गान्सीवरून हात फिरवला, डांबरानं कडक झालेल्या बाहीवरून, कापलेल्या पाठीवरून. “पण ॲलिक, मी तुला थंडीचं विचारलं होतं. तू मला गान्सीचं सांगितलंस.”

ॲलिकनं मान खाली घातली. बाई होल्म्सेचं कसं काढावं याचा विचार करत असाव्यात. पण इनाच म्हणाली, “म्हणजे त्या बेटावरचा.”

“असू शकेल,” बाई म्हणाल्या. “खात्री नाही.”

“खात्री होईल. पोलिसानं मोज्यांचं काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. उजव्या मोज्याची टाच फाटली होती. निळी लोकर संपली होती, म्हणून मी लाल लोकरीनं रफू केली होती. रॅब म्हणाला, बुटात कोण बघतंय.”

आता सांगतो ते बाईंच्या कामाचं खरं फळ. लोफ अँड लँटर्नचे प्रतिनिधी वर्षातून एकदा इन्व्हर्नेसला जमतात, सँडविच खातात आणि आपापल्या गावची रड एकमेकांना ऐकवतात. होल्म्सेच्या चर्चलाही प्रतिनिधी होती. थोरा रेंडल तिचं नाव. बाई दर वर्षी तिच्या शेजारी बसायच्या. इनाच्या व्हरांड्यातल्या फोनवरून त्यांनी तिला गाठलं आणि फक्त एवढंच विचारलं, पूर्वी एक अनोळखी माणूस तुमच्या किनाऱ्याला लागला होता, त्याला कुणी धुतलं-पुसलं ते आठवतंय का.

“माझ्या आईनं,” थोरा म्हणाली. “थांबा, आहे ती इथेच.”

आम्ही सगळे व्हरांड्यात उभे. फोनमधून चिरकं, म्हातारं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बाईंनी विचारलं, “मोजे आठवतात?” मग त्या ऐकत राहिल्या. मग फोन इनाच्या हातात दिला.

इनानं ऐकलं. “हो,” ती म्हणाली. “लाल. हो. मीच केलं होतं ते.” आणि जमिनीवर बसली.

मंगळवारी ट्रक आला. बेलानं रात्रीतून चौकोन विणून भोक बुजवलं होतं. घरात तेवढी एकच लोकर उरली होती, भडक नारिंगी. निळ्या-करड्या ब्लँकेटमध्ये तो दिव्यासारखा पेटला होता. शोभेबद्दल बेला एक अक्षर बोलली नाही. गावाला बाईंनी सांगितलं, की चौकोन ज्याचा होता त्याला मिळाला, आणि बेलाची माफी मागायची असेल तर ती पाचपर्यंत घरी आहे. बऱ्याच जणी गेल्या. पॅमनं बेलाकडे दर गुरुवारी विणायला शिकायचं ठरलं. तिचा चौकोन अजून त्रिकोणी होतो.

होल्म्सेला आम्ही वसंतात गेलो. गाडी ॲलिकनं चालवली. इनाच म्हणाली होती, तो चालवेल, फक्त माझ्याशी बोलायचं नाही. बोटीवरही ती वरच्या डेकवर आणि तो खाली गाडीत.

बेटावरचं कब्रस्तान समुद्राकडे उतरत जाणारं. थोरा आणि तिची आई फाटकाशी थांबल्या होत्या. म्हातारीनं इनाचा हात धरून तिला शेवटच्या ओळीत नेलं. साधा दगड, त्यावर ‘एक खलाशी’ एवढंच. भोवतीचं गवत कापलेलं, कडेला जांभळी फुलं लावलेली. ॲलिक भिंतीपलीकडे उभा राहिला. त्याला कुणी आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

“काय नाव होतं त्याचं?” म्हातारीनं विचारलं.

“रॅब. रॉबर्ट डफ.”

म्हातारी ओशाळली. “आम्ही मॅग्नस म्हणत आलो. काहीतरी म्हणायला हवं होतं ना. मी रविवारी येते तेव्हा मॅग्नस म्हणूनच बोलते त्याच्याशी. आता या वयात जिभेला रॅब जमेल का, देव जाणे.”

“मॅग्नसच म्हणा,” इना म्हणाली. “माझ्याकडे तो एक वर्ष होता. तुमच्याकडे वीस.”

तिनं हातानं चाचपून दगडाची कड शोधली आणि गवतावर बसली. म्हातारीलाही शेजारी बसवून घेतलं.

“काय बोलता त्याच्याशी?”

“काही विशेष नाही गं. हवामान. मेंढ्या. कुणाच्या घरी काय झालं ते.”

“मेंढ्यांचं सांगा,” इना म्हणाली. “पहिल्या वर्षापासून सांगा. मला कुठे जायची घाई नाही.”